लाल फडक्यातलं पानिपत

आमच्या घरात एका माळवदाखाली दोन चुली होत्या. सोप्याच्या आतली चूल आईची आणि आजीची. परड्याकडच्या खोलीतली चूल थोरल्या आईची. वाटणी झालेली नव्हती. धान्य एकाच कणगीतलं, दूध एकाच म्हशीचं, सरपण एकाच ढिगातलं. भाकऱ्या मात्र दोन ठिकाणी थापल्या जायच्या. असं का, ते आम्हा पोरांना कुणी सांगत नव्हतं. पुढं हळूहळू कळलं, की तात्यांचं पत्र यायचं बंद झालं त्या साली आजीनं थोरल्या आईच्या हातचं खायचं सोडलं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते. डिलाईल रोडला आमच्या माण तालुक्यातल्या माणसांची एक खोली होती, तिथं पाळीपाळीनं झोपायचं आणि खाणावळीत जेवायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत मिटेल म्हणून तात्या पत्र्याची पेटी घेऊन गावी आले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ज्वारीच्या भांगलणीला बायकांच्या ओळीत बसायची त्यांना लाज वाटायची. एक दिवस ‘कुठं काय मिळतंय का बघतो’ म्हणून पहाटेच्या एस. टी. नं गेले. १९८३ च्या जत्रेला त्यांची दोनशे रुपयांची मनीऑर्डर आली. त्यानंतर काहीच नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दोनदा मुंबईला जाऊन आले. खोलीवरच्या माणसांनी भिवंडी सांगितली. भिवंडीत मागावरच्या कुणीतरी सुरत सांगितली. सुरतेला जायला अण्णांच्या खिशात पैसे उरले नव्हते. संप मागे घेतला असं कुणी शेवटपर्यंत जाहीर केलं नाही. तसंच तात्यांचंही झालं.

थोरल्या आईला मूलबाळ नव्हतं. पांढऱ्या पायाची, हा शब्द मी लहानपणी इतक्यांदा ऐकलाय, की मला वाटायचं तिच्या पायाला काहीतरी रोग असेल. मी तिचे पाय बघायचो. भेगा पडलेले काळे पाय होते, आईचे होते तसेच. ती रोज सकाळी अंघोळ करून कोनाड्यातली मेणाची डबी काढायची, कपाळावर बोटानं मेण लावायची आणि त्यावर पिंजर टेकवायची. चांगलं रुपयाएवढं कुंकू. ते बघून बायका तोंड फिरवायच्या, ते मात्र मी पाहिलंय. कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं. संक्रांतीला तिच्याकडे वाण घेऊन कुणी येत नव्हतं, एवढंच.

मी झोपायला तिच्याकडे असायचो. आमच्याकडे जागा अपुरी, आणि तिला रात्री एकटीला नको वाटायचं.

१९९० सालची गोष्ट. मी नववीत होतो. आमच्या इतिहासाच्या सरांनी शाळेच्या लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘गाईडं वाचण्यापेक्षा हे वाच.’ विश्वास पाटलांची ‘पानिपत’. दोनच वर्षांपूर्वी निघालेली कादंबरी. शाळेचा शिक्का अजून ओला वाटावा इतकं पुस्तक नवं होतं. श्रावण चालू होता. वीज नेहमीप्रमाणे गेलेली. मी कंदील पुढ्यात घेऊन मनातल्या मनात वाचत होतो. थोरली आई मटकी निवडत होती.

‘मोठ्यानं वाच की. कसली पोथी हाय?’

‘पोथी न्हाई गं. पानिपत हाय.’

‘म्हंजी सक्रांतीचं?’

पानिपत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं, पण म्हणीपुरतं. कुणाचं वाटोळं झालं की त्याचं पानिपत झालं. उसनं मागायला आलेल्याला ‘विश्वास ठेवा’ म्हटलं, की समोरचा म्हणायचा, विश्वास गेला पानिपतात. तो विश्वास म्हणजे पेशव्यांचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता, हे तिला त्या रात्री कळलं. आणि ही लढाई १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या वक्ताला झाली, हे मलाही तेव्हाच कळलं.

मी वाचायला लागलो. पोथीसारखं एका चालीत वाचत होतो, कारण मोठ्यानं वाचायची दुसरी रीतच मला येत नव्हती. मारुतीच्या देवळात श्रावणात ‘नवनाथ’ चालायचा, तिथं एकजण वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. इथं दोन्ही कामं माझ्याकडे. चौथ्या-पाचव्या रात्री शेजारच्या दोघी आल्या. मग आणखी दोघी. हातात काही ना काही काम घेऊन यायच्या, कुणी वाती वळायची, कुणी शेंगा फोडायची. देवळात बायकांना मागं बसावं लागायचं, इथं तसं नव्हतं. थोरल्या आईकडे माणसं बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुस्तकातले डावपेच त्यांना कंटाळवाणे वाटायचे. नजीबखान, शुजा, सुरजमल जाट ही नावं आली, की एखादी जांभई द्यायची. पण लष्कराबरोबर बायका होत्या, काशी-मथुरेची यात्रा घडेल म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्या सोबत निघाल्या होत्या, हे ऐकल्यावर सगळ्या सावरून बसल्या. ‘बाया कशाला गं नेल्या लढाईला?’ हा प्रश्न रोज एकदा तरी व्हायचाच. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, नाना फडणीसाची आईसुद्धा होती त्यात, ती परत आली नाही.

आणि मग उपासमार आली. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत लष्कर पानिपतला अडकून पडलं, दिल्लीची वाट बंद, रसद बंद. जनावरं पटापट मरू लागली. हे वाचताना मी मान वर केली, तर कुणाच्याच हातातलं काम चालू नव्हतं. माणसाला हे सांगायची गरज नसते. बहात्तरच्या दुष्काळात यातल्या प्रत्येकीनं रस्त्यावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या होत्या. एकजण म्हणाली, ‘आमचा बैल दावणीला बसला तो उठलाच न्हाई.’ दुसरी म्हणाली, ‘पुढं वाच रं.’ अब्दालीची फौज किती आणि तोफा किती यातलं त्यांच्या काही लक्षात राहिलं नाही. पानं ओरबाडून खाणारी माणसं मात्र राहिली.

थोरल्या आईचा जीव गुंतला होता पार्वतीबाईत. सदाशिवरावभाऊंची बायको. पेणच्या कोल्हटकरांची लेक, नवऱ्याबरोबर मोहिमेवर गेलेली. लढाईचा दिवस मी दोन रात्रीत वाचला. दुपारी विश्वासरावाला गोळी लागते, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात आणि गर्दीत घुसतात. पार्वतीबाईला तिथून बाहेर काढतात. मी थांबलो, तेव्हा थोरल्या आईनं विचारलं,

‘भाऊसाहेबाला पडल्याला कुणी बघितला?’

मी पानं चाळली. विश्वासरावाला पडलेला पाहणारे होते. भाऊंचं तसं नव्हतं. गर्दीत गेले, आणि गेले.

‘मग ती काय म्हनली?’

‘कोण?’

‘त्येची बायकू.’

कादंबरी लढाईबरोबर संपत आली होती. तिला हवं होतं ते पुढचं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांकडे गेलो. सरांनी डबा बाजूला ठेवून सगळं सांगितलं. बिनमुंडक्याचं एक धड सापडलं, ते भाऊंचं म्हणून जाळलं, पण पार्वतीबाईनं ते मानलं नाही. तिनं कुंकू पुसलं नाही. पुण्यात पेशव्यांच्या वाड्यात ती सवाष्ण म्हणून राहिली, एक दोन नाही, वीस वर्षांच्या वर. मध्येच एक माणूस मीच भाऊ म्हणून उगवला, लोकांनी त्याला मानलं, त्यानं कोकणात किल्ले घेतले, शेवटी १७७६ मध्ये त्याला पकडून मारला. ‘तोतयाचं बंड’ म्हणतात ते हेच. तेवढी वर्षं ती बाई तिथंच होती. तिला मूल नव्हतं. नारायणराव पेशव्याचा खून झाला, तेव्हा त्याची बायको गंगाबाई पोटुशी होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवली, तेव्हा सोबतीला पार्वतीबाई गेली. तिथं सवाई माधवराव जन्मला. तीन वर्षांत गंगाबाईही गेली, आणि आईबाप नसलेल्या त्या पोराला सांभाळायला घरातली वडीलधारी म्हणून पार्वतीबाई राहिली.

मी हे सगळं जसंच्या तसं रात्री सांगितलं. शेजारणी ‘आगं बया’ म्हणाल्या. थोरली आई काहीच बोलली नाही. बायका गेल्यावर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला अवघडल्यासारखं झालं. मी नववीतला मुलगा, मिसरूड फुटायला लागलेलं.

याच रात्री आणखी एक झालं. परड्याकडची खोली आणि आजीची पडायची जागा यांच्यामध्ये छातीएवढी भिंत होती, वरचा भाग मोकळा. आजी पलीकडे पडलेली असायची. ती झोपते असं आम्ही समजत होतो. बायका गेल्यावर भिंतीपलीकडून आवाज आला,

‘पोर गेलं त्या विश्वासरावाच्या आईचं. तिला कुणी इचारलं का?’

महिनाभर आजी रोज ऐकत होती.

मी घाबरत म्हणालो, ‘तिचं नाव गोपिकाबाई. ती आपल्या वाईची. रास्त्यांची लेक.’

‘वाईची?’ आजीचं माहेर कृष्णाकाठचं, वाईजवळचं. ‘माझ्या म्हायारची म्हंजी.’

थोरल्या गेलेल्या लेकाची आई आपल्या माहेरची निघाली, याचं तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘तुझ्या मास्तराला इचार, तिचं फुडं काय झालं.’ सरांनी सांगितलं ते मी तिला सांगायला नको होतं, असं नंतर वाटलं. तिघं मुलगे पेशवे व्हायच्या वंशातले. विश्वासराव पानिपतात गेला. माधवराव १७७२ मध्ये क्षयानं गेला. नारायणरावाला १७७३ मध्ये गारद्यांनी मारला. ती नाशिकच्या बाजूला गंगापुरात एकटी राहिली आणि १७८८ पर्यंत जगली. आजीला तीन मुलगे होते. ती म्हणाली, ‘लई जगली,’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

पुस्तक वाचून संपलं, तरी थोरल्या आईनं ते परत करू दिलं नाही. लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं, हरिविजयाच्या शेजारी. मी सरांना खोटं सांगितलं, की आणखी एकदा वाचायचंय.

दिवाळीनंतर अण्णा तालुक्याहून वकिलाला भेटून आले. आजोबा जाऊन पाच वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर आजी, तात्या, अण्णा आणि धाकटे काका अशी नावं लागली होती. विहीर खाली घेऊन मोटर बसवायची, तर कर्ज पाहिजे, आणि कर्जाला सगळ्या नावांच्या सह्या पाहिजेत. तात्यांची सही आणायची कुठून? वकिलानं सांगितलं, सात वर्षं ज्याची खबर घरच्या माणसांना नाही, तो मेला असं कायद्यानं धरता येतं. कोर्टात अर्ज करायचा, बायकोनं आणि आईनं तसं लिहून द्यायचं.

इथं मला अण्णांची बाजू सांगितली पाहिजे. माणसं गोष्ट सांगताना अशा ठिकाणी बापाला खलनायक करतात. अण्णा खलनायक नव्हते. आमची विहीर मार्चला तळ दाखवायची. लागोपाठ कांदा वाळून गेला होता. आठ माणसं त्या जमिनीवर खात होती, त्यात थोरली आईसुद्धा होती. भाऊ मेला असं म्हणताना त्यांनाही काही गोड वाटत नसणार. मुंबईत खोल्या हुडकत फिरले होते ते तेच.

ते परड्याकडच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, ‘वहिनी, नुसता कागद हाय. घरात कुणाला काय बदलायचं न्हाई.’

थोरली आई चुलीपुढून उठली, पदर सारखा केला. ‘काय लिवलंय त्यात, भावजी?’

अण्णांनी वाचून दाखवलं. अमुक सालापासून ठावठिकाणा नाही, सबब मयत समजण्यात यावं.

‘ठावठिकाणा न्हाई हे लिवा. मी आंगठा देते. मयत लिवू नका.’

‘नुसत्या ठावठिकाण्यानं बँक पैसं देत न्हाई.’

‘मग नका घिऊ.’

माझी आई आतून म्हणाली, ‘अक्का, आमची पोरं काय खानार?’ आणि मग जे व्हायचं ते झालं. सात वर्षं न बोललेलं सगळं त्या दिवशी बोलून झालं. आई काय काय म्हणाली ते मी लिहीत नाही. ती पुढं स्वतःच त्याबद्दल रडली आहे.

शेवटी अण्णा आजीकडे गेले. आजीचा शब्द थोरल्या आईला मोडता येणार नाही, आणि आजीचा थोरल्या आईवर राग, हे त्यांना ठाऊक होतं. मी सोप्यात पुस्तक उघडून बसलो होतो, वाचत काही नव्हतो.

‘आये, तू आंगठा दे. तुझं झालं की वहिनीला तू सांग.’

आजी पानाला चुना लावत होती. तिनं ते पान पुरं केलं.

‘त्या वाईच्या बाईनं दिला हुता का आंगठा?’

‘कुठली वाईची बाई?’

‘तिचा ल्योक तरी पडल्याला लोकांनी बघितला. माझा कुठं पडला? दाखीव मला. मग देते आंगठा.’

अण्णांना काहीच कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तकात डोकं घातलं.

कागद तसाच राहिला. अण्णा आजीशी पंधरा दिवस बोलले नाहीत, माझ्याशी महिनाभर. मला ते एवढंच म्हणाले, की तुला शाळेत घातला तो धडे शिकायला, घरात पोथ्या लावायला नव्हे. विहीर तीन वर्षं तशीच राहिली. पुढं त्यांनी सावकाराकडून जास्त व्याजानं पैसे घेऊन ती खाली नेली. ते पैसे फेडता फेडता एक बैल आणि आईच्या पाटल्या गेल्या. त्या नकाराची किंमत आम्ही सगळ्यांनी दिली.

१९९१ ची भोगी. आईनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या होत्या, वांगं, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे घालून भोगीची भाजी. परड्याकडच्या चुलीवरही तेच. जेवायच्या वेळी आजी उठली. भिंतीला धरून धरून ती परड्याकडच्या खोलीत गेली. आजी त्या खोलीत आलेली मी कधी पाहिली नव्हती. थोरली आई काटवटीवर भाकरी थापत होती. ती तशीच, पिठाचे हात घेऊन उभी राहिली.

‘बस,’ आजी म्हणाली. ‘एक भाकरी वाढ.’

‘आत्याबाई, गरम देते.’

‘दे की.’

आजीला दात नव्हते. भाकरी दुधात कुस्करून ती हळूहळू खात होती. दोघी काही बोलल्या नाहीत. थोरली आई दुसरी भाकरी तव्यावर टाकायची विसरली, आणि काटवटीतली भाकरी वाळून चिरली. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर आजी म्हणाली, ‘उद्या त्या लढाईचा दिस न्हवं?’

‘व्हय,’ थोरली आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीला आजी सोप्यात बाजलं टाकून बसली. वाण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला ती आधी परड्याकडे पाठवत होती. ‘थोरली तिकडं हाय. तिच्यापास्नं सुरवात करा.’ पुस्तक ऐकायला येणाऱ्या चौघी आपणहून गेल्या. बाकीच्या आजीच्या तोंडाकडे बघून गेल्या. काहीजणी गेल्याच नाहीत, बाहेरच्या बाहेर परतल्या. त्यांची नावं आजीनं मरेपर्यंत लक्षात ठेवली.

चूल त्यानंतर एक झाली असं नाही. दोन चुलीच राहिल्या. आजी कधी इकडे जेवायची, कधी तिकडे.

दहावी झाल्यावर मी शाळेतून दाखला काढायला गेलो, तेव्हा पुस्तकाचा प्रश्न निघाला. हरवलं म्हणून सांगितलं आणि किंमत भरली. पैसे थोरल्या आईनं दिले. कोंबड्या विकून साठवलेले, पिंजरीच्या वासाच्या नोटा. पुढं मी पुण्याला शिकायला गेलो, तिथंच चिकटलो. शनिवारवाड्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसती जोती बघून आलो. थोरल्या आईला तिथं आणायचं दोन-तीनदा ठरलं, पण म्हशीला कोण बघणार, म्हणून राहून गेलं.

आजी १९९८ मध्ये गेली. तात्यांचं नाव सातबाऱ्यावर अजून आहे.

थोरली आई २००९ च्या पावसाळ्यात गेली. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि बायकांत कुजबूज चालली होती. हिला नेसवायचं काय? हिरवी पातळ-बांगडी द्यायची, की साधंच? सत्तावीस वर्षं झाली, कुणी म्हणालं. एक म्हातारी म्हणाली, जुन्या माणसांना विचारा. पण जुनं माणूस म्हणजे आता माझी आईच होती. ती भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, आत गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं होतं आणि दुसऱ्या हातात कोनाड्यातली मेणाची डबी.

‘सरका,’ ती म्हणाली, आणि थोरल्या आईच्या उशाशी बसून बोटानं मेण लावायला लागली.